जुन्या मारुती ८०० चा टीडीसी (पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक) नेमका कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय, प्लगच्या भोकात स्ट्रॉ टाकला, तो सगळ्यात वर आला तिथे पुलीवर खूण केली, बेल्ट चढवला, डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) बसवला. आणि आता स्टार्टर मारला की कार्बोरेटरमधून नुसतं फाट्‌ फाट्‌. यात दोन चुका असू शकतात. अंमळनेरला गॅरेजात शिकत होतो तेव्हा मी दोन्ही केल्यात.

कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एक फेरा होतो तोवर क्रँकचे (पिस्टन जोडलेला दांडा) दोन होतात. म्हणजे १ नंबरचा पिस्टन दोनदा वर येतो: एकदा कॉम्प्रेशनला, म्हणजे हवा दाबायला, एकदा धूर बाहेर ढकलायला. स्ट्रॉला दोन्ही सारखेच. मी धुराच्या वेळेला डेल्को बसवून मोकळा झालो होतो. उस्तादांनी हातातला चहा खाली न ठेवता सांगितलं, "पिष्टन दोन दाव माथावर येस भो, कोनता शे ते आंगठाले इचार."

तेच करा. बॅटरीची वायर काढा, सगळे प्लग काढा, १ नंबरच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि दुसऱ्याला पान्याने क्रँक फिरवायला सांगा. हवा अंगठा उडवायला लागली की कॉम्प्रेशन. टॅपेट कव्हर उघडं असेल तर टोकावर त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) बोटाने किंचित खुळखुळतात. धुराच्या टोकावर एक व्हॉल्व्ह मिटत असतो आणि दुसरा उघडत असतो, तेव्हा ते ताठ लागतात.

आता दुसरी चूक, नेमकेपणाची. टोकाशी पिस्टन जवळजवळ थांबतोच. ८०० चा स्ट्रोक ७२ मिलिमीटर. क्रँक टोकापासून ५ अंश अलीकडे असला तरी पिस्टन ०.२ मिलिमीटरसुद्धा खाली नसतो. भुसावळच्या मे महिन्यात तापलेल्या बॉनेटखाली डोकं घालून स्ट्रॉवर हा फरक कुणाला दिसणार! (आणि स्ट्रॉच्या जागी पेचकस तर मुळीच घालू नका. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो, ओरखडा पडतो.)

म्हणून टोक थेट शोधायचंच नाही. एका जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढा, रिकाम्या कवचात टोक गोल घासलेला बोल्ट बसवून वेल्डिंग मारून घ्या. पिस्टन वर यायला साधारण अर्धा सेंटीमीटर बाकी असताना अडला पाहिजे, एवढीच लांबी ठेवा. जास्त लांब बोल्ट व्हॉल्व्हला लागेल. पिस्टन खाली असताना हा प्लग १ नंबरला हाताने आवळा. क्रँक हळू फिरवा, टेकला की थांबा आणि टायमिंगच्या काट्यासमोर पुलीवर खडूने रेघ मारा. मग उलटं फिरवा. जवळजवळ पूर्ण फेऱ्यानंतर पिस्टन दुसऱ्या बाजूने टेकेल, तिथे दुसरी रेघ. दोन रेघांमधलं जवळचं अंतर कागदाच्या पट्टीने मोजा, पट्टी दुमडा. घडी पडली तो तुमचा टीडीसी. पान्यावर जोर मात्र अजिबात लावायचा नाही. बेल्ट काढलेला असेल तर आधी टॅपेटचे स्क्रू सैल करून सगळे व्हॉल्व्ह मिटू द्या, नंतर टॅपेट पुन्हा सेट करा.

कारखान्याची खूण या घडीशी जुळली तर उत्तमच. पुली रबर घातलेली असेल तर जुनं रबर सुटून बाहेरची रिंग सरकते, आणि मग खूण बिनधास्त खोटं बोलते. अशा वेळी घडीवर विश्वास ठेवा.

बोल्टवाला प्लग आठवणीने काढा. बेल्ट चढवून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, खुणा परत जुळतायत का बघा. एका दाताचा फरक लहान वाटतो, पण कॅमच्या पुलीला ४० दात धरले तर क्रँकवर तो १८ अंश होतो. शेवटी डेल्कोचं झाकण उघडा. आतला फिरणारा रोटर १ नंबरच्या वायरीकडे बघत असेल तर प्लग लावून चावी मारा. बरोबर उलटीकडे बघत असेल तर डेल्को उपसण्याआधी अंगठ्याची परीक्षा पुन्हा घ्या. बहुतेक वेळा क्रँक एक फेरा मागे किंवा पुढे असतो, बाकी काही नाही.