लिंबाच्या काडीला पालवी फुटते, मग ती का वाळते?

तुम्ही लिहिलंय की लिंबाच्या काड्या सगळी पानं काढून लावल्या, दोन आठवड्यांत पालवी फुटली आणि नंतर सगळ्या काळ्या पडल्या. माझ्याही पहिल्या काड्या अशाच गेल्यात, फार वाईट वाटतं. पण पालवी फुटली म्हणजे मुळं आली असं नसतं, काडीत साठलेल्या अन्नावर डोळे फुटतात आणि खाली मूळ नसेल तर ते अन्न संपलं की काडीही संपते. मुळं येतात ती काडीवरच्या तयार पानांच्या जोरावर, म्हणून दोन-तीन पानं ठेवायचीच, मोठी असली तर अर्धी कापा.

दुसरं म्हणजे काडीचं वय, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. नुकत्याच येऊन गेलेल्या फुटव्यातली घ्या, पानं पूर्ण वाढलेली पण काडी हिरवीच. बोटांत फिरवून बघा, लिंबूवर्गातली कोवळी काडी गोल नसते, कडा लागतात हाताला, जून झाली की गोल होते. कडा लागतायत आणि वाकवली की लुळी न पडता टचकन मोडतेय, ही बरोबर वेळ. पाणसोट (खोडातून जोमाने सरळ वर जाणारा फुटवा) मी घेत नाही, काटे फार आणि फळ उशिरा.

चार-पाच इंचाची काडी, पेराच्या लगेच खाली स्वच्छ ब्लेडने काप, कळ्या खुडायच्या, रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) लावायची. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मं-निम्मं, ओलं हवं पण मुठीत दाबल्यावर पाणी गळायला नको. वर पारदर्शक पिशवी, उजेड भरपूर पण थेट ऊन नको, पिशवीत काडी अक्षरशः शिजते. खत आत्ता अजिबात नाही.

४ ते ८ आठवडे धरा. ओढून बघू नका हो, नवी मुळं पांढरी आणि इतकी ठिसूळ असतात की जरा हिसका बसला की तुटतात. पारदर्शक ग्लासला तळाशी भोकं पाडून त्यात लावा, मुळं कडेला दिसतात.

लिंबू, ईडलिंबू सहज लागतात, संत्र्या-मोसंबीचा भरवसा कमी, तिथे डोळा भरलेलाच (दुसऱ्या रोपावर डोळा बसवून केलेलं कलम) बरा. आणि आईझाड निरोगी बघूनच घ्या, ग्रीनिंगसारखा (लिंबूवर्गातला जिवाणूचा रोग) रोग काडीबरोबर येतो. जमिनीत लावणार असाल आणि पाणी साचत असेल तर काडीचं झाड नको, त्याला रोगाला दाद न देणाऱ्या खुंटाचा (ज्या मुळाच्या रोपावर कलम करतात त्याचा) आधार नसतो, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) लवकर धरतो. कुंडीत मात्र छान चालतं.

मुळं दिसली तरी पिशवी एकदम काढू नका, आधी दोन भोकं, मग रोज थोडी उघडी, आठ-दहा दिवसांनी पूर्ण काढा.