शेडकार्डावर सारखे दिसणारे दोन तपकिरी: हॉलला कोणता, बेडरूमला कोणता?

कार्डावर दोन्ही सारखेच दिसतात म्हणता, पण तसे ते नसतात. दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर तपकिरी बनतो तो बहुतेक लाल, पिवळा आणि काळा यांच्या मापांतून. लाल जास्त पडला की गेरूकडे जातो. पिवळा-काळा जास्त झाला की मातकट होतो आणि हिरवट झाक धरतो. दोन्ही चौकोन कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा, बाकीचं कार्ड झाका. कोण कुठे झुकतो ते लगेच कळेल.

मी मातकट घेतला होता. दुकानात सुरेख दिसला. घरी रात्री ट्यूब लावली तर आई म्हणते, "कूलरचं पाणी मुरलं का रे भिंतीत?" खरंच शेवाळ आल्यासारखं दिसत होतं. ट्यूब पांढरीफटक, ६५०० केल्व्हिनची. (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळसर.) चिडून पेंटरला पुन्हा बोलावणार होतो, पण आधी ३००० केल्व्हिनचे पिवळसर दिवे लावून पाहिले. तीच भिंत उबदार दिसायला लागली. तेव्हा रंग बघायचा तो घरच्या दिव्याखाली. त्यातून आपल्या नागपुरात एप्रिल ते जून पडदे ओढलेले, खिडकीत कूलर. भर दुपारी दिवा लावावा लागतो. खिडकीच्या उजेडाच्या गप्पा मुंबई-पुण्याच्या लोकांनी कराव्या!

दुकानदाराला दोन्ही शेडचा एलआरव्ही विचारा. भिंत किती उजेड परत फेकते त्याचा हा आकडा, काळ्याला ० आणि पांढऱ्याला १००. दोघांत दोन-तीनचाच फरक असेल तर आकडा विसरा, झाक बघा. आकडा १० च्या आसपास असेल तर बेडरूमच्या चारही भिंती रंगवू नका, गुहा होते. पलंगामागची एक पुरे.

नमुन्याचा छोटा डबा आणा. दोन फुटी प्लायला प्रायमर मारून दोन हात द्या आणि एक दिवस वाळू द्या, कारण इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यातला रंग, ओला असताना फिका दिसतो. मग तो तुकडा भिंतीभिंतीला टेकवून बघा. जुन्या रंगावरच पट्टा ओढलात तर आजूबाजूचा रंग डोळ्यांना फसवतो. आणि नमुना मॅट असेल तर भिंतीलाही मॅटच घ्या. चकचकीत फिनिशमध्ये तोच शेड वेगळा दिसतो, वर पुट्टीचे सगळे उंचवटे उघडे पडतात.

दिवे पिवळसर असतील तर हॉलला मातकट, बेडरूमच्या एका भिंतीला लालसर. ट्यूब बदलायची नसेल तर दोन्हीकडे लालसरच घ्या.