वाचकांचे प्रश्न : एका शब्दाभोवतीचा लाल गोल

प्रश्न : मी इंग्रजी करारांची फ्रेंच भाषांतरं करू लागले आहे. लांबलचक कलमं निभावतात, पण 'जॉइंटली अँड सेव्हरली', 'नल अँड व्हॉइड', 'विदाउट प्रेज्युडिस' असले छोटे तुकडे आले की अडतं. शब्दाला शब्द ठेवून चालेल का?

उत्तर : नाही चालत. यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. कर्जाचा करार होता, कर्जदार तीन, रक्कम ९०,००० युरो. 'जॉइंटली' पाहून मी बिनधास्त 'काँज्वँतमाँ' लिहिलं. मसुदा तपासणाऱ्या वकीलबाईंनी त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला आणि समासात एवढंच लिहिलं : '३०,०००?'

फ्रेंच कायद्यात 'काँज्वँ' देणेकरी आपापल्या हिश्श्यापुरताच बांधलेला असतो. मूळ कराराला हवं होतं नेमकं उलट : बँकेने तिघांतल्या कोणालाही गाठावं आणि सगळे ९०,००० त्याच्याकडून वसूल करावेत. त्यासाठी एकच शब्द, 'सॉलिदॅरमाँ'. तो गाळूनही भागत नाही, कारण करारातली अशी जबाबदारी गृहीत धरायची नाही, असं फ्रेंच नागरी संहितेचं कलम १३१० सांगतं. दोन्ही शब्द शेजारी लिहिण्याची पद्धत बरीच रुळली आहे. मला मात्र ती अजून खटकते.

'नल अँड व्हॉइड'ला 'न्यूल ए नॉनाव्हन्यू' तयार आहे. आपलं 'रद्दबातल' तरी काय, रद्द आणि बातल एकमेकांना चिकटलेलेच! पण म्हणून प्रत्येक जोडीला जोडी शोधत बसू नका. १०६६च्या नॉर्मन स्वारीनंतर इंग्लंडच्या न्यायालयांत फ्रेंच शिरली, आणि 'विल अँड टेस्टामेंट'सारखी दोन घरची माणसं एका बाकावर बसली. फ्रेंचमध्ये नुसतं 'तेस्तामाँ' पुरतं. माहेरी परतताना सासरचं माणूस कशाला सोबत?

'विदाउट प्रेज्युडिस' सगळ्यांत फसवं. तडजोडीच्या पत्रावर इंग्रज वकील ते लिहितो, कारण पुढे ते पत्र कोर्टात पुरावा म्हणून येऊ नये. फ्रेंच 'प्रेज्युदीस' म्हणजे नुकसान, त्यामुळे शब्दशः भाषांतर भलतीकडेच जातं. 'सू तूत रेझर्व' जवळचं, पण त्याने 'माझे हक्क मी राखून ठेवतो' एवढंच कळतं. पत्र गुप्त राहत नाही. म्हणून मी तिथे सरळ वाक्यच लिहितो : हे पत्र तडजोडीसाठी आहे, न्यायालयात दाखल करता येणार नाही. आणि मूळ इंग्रजी शब्द टीपेत देऊन वकिलाला फोन करतो.