प्रमाणपत्र आहे, पण हात तयार आहेत का?

प्रश्न : रुग्णवाहिका केंद्राची जबाबदारी नुकतीच माझ्याकडे आली आहे. सगळ्या पॅरामेडिकची प्रमाणपत्रं मुदतीत आहेत, प्रशिक्षणाचे तासही भरलेले आहेत. तरीही ऐनवेळी सगळ्यांचे हात नीट चालतील का, अशी धास्ती वाटते. ताई, हे तपासायचं कसं? आणि तपासणीचं नाव काढलं की जुनी मंडळी दुखावतात, त्याचं काय करू?
– एक वाचक

उत्तर : तुमची धास्ती अगदी रास्त आहे. मी बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर होते, आता पॅरामेडिकना शिकवते. नुसते कागद बघून कोणाचंही कौशल्य कळत नाही, हे मी ठामपणे सांगते. ब्रिटनमध्ये पॅरामेडिकच्या नोंदणीचं दर २ वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्यातल्या २.५ टक्के लोकांकडून पुढच्या शिक्षणाचा पुरावा मागवला जातो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदणीत पॅरामेडिकला २ वर्षांत ६० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. अशी नोंद हवीच. पण सीपीआरचा, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा, हात प्रशिक्षणानंतर काही महिन्यांतच बिघडू लागतो, आणि ते कोणत्याही फायलीत दिसत नाही.

म्हणून वर्षातून एकदा मोठी परीक्षा घेण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी शिफ्टच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं काढा. दाबाचा वेग आणि खोली आकड्यांत दाखवणारा सरावाचा पुतळा ठेवा आणि २ मिनिटं छाती दाबायला लावा. वेग मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर. शिवाय प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येते का, हे जरूर बघा. थकलेला माणूस छातीवर रेलतो आणि त्याचं त्यालाच कळत नाही.

रोज होणारी कामं तपासण्यात फार वेळ घालवू नका. सलाइन लावणं, रक्तदाब मोजणं यांचा सराव आपोआप होतो. क्वचित करावं लागतं ते तपासा: लहान मुलांचे डोस, गाडीतलं बाळंतपण, श्वासनलिकेत नळी घालणं. मी नेहमी एक प्रसंग देते. १४ किलोचं मूल आहे, काहीतरी खाल्ल्यावर अंगावर गांध्या उठल्या आहेत, श्वास घरघरतो आहे, म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जी. अ‍ॅड्रिनॅलिन किती आणि कुठे? किलोला ०.०१ मिलीग्रॅम, म्हणजे ०.१४ मिलीग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. मिलीलिटरला १ मिलीग्रॅमच्या अँप्युलमधून ते ०.१४ मिलीलिटर होतं. हे तोंडी विचारून थांबू नका. त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच बॅगेतून अँप्युल काढून, लहान सिरिंजमध्ये भरून दाखवायला सांगा. डोस घडाघडा सांगणाऱ्यालाही लहान सिरिंज कोणत्या कप्प्यात आहे ते सापडत नाही, असं मी पाहिलं आहे. तेवढ्या वेळात खरं मूल निळं पडेल.

नळीच्या बाबतीत ‘बरोबर गेली’ हे उत्तर स्वीकारू नका. कॅप्नोग्राफवरचा, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावरचा, तरंग दाखवायला लावा. अन्ननलिकेत गेलेली नळी वेळीच ओळखण्यासाठी त्याच्याइतका खात्रीचा उपाय नाही.

याशिवाय खऱ्या केसेस बघा. पुष्कळ डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा शॉक देणारी यंत्रं) स्वतःच नोंद ठेवतात. छाती दाबणं मध्ये कुठे थांबलं, किती सेकंद थांबलं, हे त्यात दिसतं. शक्य तितक्या लवकर त्याच टीमसोबत बसून ती नोंद वाचा. एकूण वेळेच्या निदान ६० टक्के, जमल्यास ८० टक्के वेळ दाब चालू असायला हवा. शॉक देण्यापूर्वीची थांबणी लांबली असेल, तर ती का लांबली हे टीमला स्वतःच सांगू द्या. त्यांचं ऐकून घेतल्यावरच तुम्ही बोला.

आता नाराजीचं. पहिली फेरी तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर द्या आणि तुमचे आकडे फळ्यावर लिहा. दुसरी फेरी घ्यायचं काम जुन्यांकडे सोपवा, त्यांनी जे पाहिलं आहे ते नव्यांना त्यांच्याच तोंडून कळू द्या. या तपासणीचा निकाल बढती किंवा शिस्तीच्या कारवाईशी जोडणार नाही, हे लेखी द्या. मात्र कोणाचं एखादं काम रुग्णाला धोक्याचं ठरेल असं दिसलं, तर ते काम सुधारेपर्यंत त्याच्याकडे एकट्याकडे देऊ नका. इथे भीड बाळगली तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

बाळंतपण, आजारपण किंवा लांबच्या रजेवरून परतलेल्यांना पहिल्या शिफ्टच्या आधीच ही फेरी द्या. बाकीच्यांसाठी येत्या आठवड्यात लहान मुलांच्या डोसपासून सुरुवात करा.