सांगलीचा फ्लॅट आत्ता भावाच्या नावावर करू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, आईंच्या नर्सिंग होमचा (वृद्धांना ठेवून शुश्रूषा करणाऱ्या संस्थेचा) खर्च देतं ते 100 दिवस संपत आलेत, म्हणून आईंचा सांगलीचा फ्लॅट आधी भावाच्या नावावर करायचा आणि मग मेडिकेडचा, म्हणजे ज्यांच्याकडे फारसा पैसा नाही त्यांचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेचा, अर्ज भरायचा. कृपा करून थांबा. मेडिकेडवाले भारतातली मालमत्ताही धरतात, आणि फुकट नावावर करून देणं म्हणजे त्यांच्या लेखी भेटच.

आमचं न्यू जर्सीतलं सांगते. 2021 साली बाबांनी तीन नातवंडांना प्रत्येकी 15,000 डॉलरचे चेक दिले. टॅक्स भरून देणारा म्हणाला, एवढ्याला गिफ्ट टॅक्सचा फॉर्मही लागत नाही. खरं होतं, पण ते टॅक्सपुरतं. मेडिकेड मागची पाच वर्षं तपासतं आणि ही सूट मानत नाही. भेट दिली म्हणून दंड लावतात, त्यासाठी 45,000 ला नर्सिंग होमच्या सरासरी दराने भागतात. दिवसाला 400 धरा, म्हणजे 112 दिवस ते काही देत नाहीत. हे दिवस चेकच्या तारखेपासून धरले असते तर केव्हाच संपले असते. पण माणूस नर्सिंग होममध्ये, खात्यात 2,000 च्या आत, अर्ज केलेला, इथून ते मोजायला लागतात. 2006 पासून असंच आहे. हातात पैसा उरत नाही, तेव्हा दंड सुरू होतो!

मेडिकेडच्या कचेरीने आमचे कागद दोनदा हरवले. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या बाईने चेकच्या कोपऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवलं, हे काय लिहिलंय? बाबांच्या थरथरत्या अक्षरात 'अनेक आशीर्वाद' होतं. मीच इंग्रजीत सांगितलं आणि तिने 'भेट' अशी नोंद केली. मुलांनी सगळी रक्कम परत केली तर दंड उठतो, हे मात्र तिथे कोणीही सांगितलं नाही. वकिलाकडून कळलं तोवर आम्ही भावंडांनी ते दिवस खिशातून भरले होते. अजून राग येतो.

मी वकील नाही, आणि राज्यागणिक नियम बदलतात. पण माझं ठाम मत, फ्लॅट बाजारभावाने विका, मूल्यांकनाचा कागद ठेवा आणि पैसा आईंवरच खर्च करा. एल्डर लॉच्या, म्हणजे ज्येष्ठांचे असे प्रश्न बघणाऱ्या, वकिलाची फीसुद्धा त्यातूनच द्या. तुम्ही आईंची सेवा करता म्हणून त्यांच्याकडून पैसे घेत असाल, तर आधी लेखी करार हवा, नाहीतर तीही भेट. इथलं घर आईंच्या नावावर असेल आणि तुम्ही तिथे दोन वर्षं राहून त्यांना सांभाळलं असेल, तर ते दंडाशिवाय तुमच्या नावावर होऊ शकतं. तुमच्या सांभाळण्यामुळेच त्या घरी राहू शकल्या, असं डॉक्टरांचं पत्र आत्ताच घ्या.

आणि सांगलीच्या बँकेच्या पासबुकावरचं नाव पासपोर्टशी जुळतंय का पाहा. आमच्याकडे एका 'राव'साठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, त्यात तीन आठवडे गेले.