गाय कुठे ठेवू?

प्रश्न : ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ वादळात आमची सुपारीची वाडी दोन-तीन तासांत आडवी झाली, घराचे पत्रे पलीकडच्या आळीत सापडले. माणसं तेवढी वाचली. बांगलादेशात मात्र वादळात लाखो माणसं गेल्याचं वाचलं आहे. आधी इशारा मिळूनही तिथले लोक घर का सोडत नाहीत?
– एक वाचक, दिवेआगर

उत्तर : हाच प्रश्न मीही एकदा विचारला होता, आणि विचारू नये तिथे विचारला. १५ नोव्हेंबर २००७ला बांगलादेशावर ‘सिद्र’ वादळ धडकलं. त्यानंतर महिन्याभराने मी एका मदत संस्थेबरोबर तिथल्या बरगुना जिल्ह्यात होतो. ताडपत्र्या वाटायच्या आणि याद्या करायच्या, एवढंच काम. एका खालांना, म्हणजे मावशींना, दुभाष्या पोराकरवी विचारलं, “दहा नंबरचा, महाधोक्याचा इशारा ऐकला नव्हता का?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वही मिटली. “ऐकला की! पण गाय कुठे ठेवू?”

गाय कर्जाऊ घेतलेली, हप्ता दर आठवड्याचा. निवारा केंद्र तासाभराच्या वाटेवर, खांबांवर उभं, वर जायला अरुंद जिना. खालांनी पोरांना शेजाऱ्यांबरोबर धाडलं आणि स्वतः दावं धरून थांबल्या. पाणी छातीला लागलं तेव्हा दावं सोडलं आणि ताडाला मिठी मारली. गाय गेली, हप्ता राहिला.

तिथे वाऱ्यापेक्षा पाणी मारतं. बंगालचा उपसागर उत्तरेला नरसाळ्यासारखा निमुळता आणि उथळ. वादळाने ढकललेलं पाणी पसरायला जागा नाही, म्हणून ते वर चढतं. त्यात भरती असली की संपलं. तुम्हाला मागे डोंगर तरी आहे. तिथे मैलोन्‌मैल कमरेएवढा उंचवटा नाही. १९७०च्या नोव्हेंबरात भोला बेटाच्या परिसरात किमान ३ लाख माणसं गेली, १९९१च्या एप्रिलात सुमारे १ लाख ३८ हजार. १९९१मध्ये पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्या. नवरा घरी आल्याशिवाय निघायचं नाही, परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची नाही, कडेवर पोर, अंगात साडी.

‘सिद्र’मध्ये मेलेले सुमारे ३,४०० होते. आकडा लहान नाही, पण आधीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. हे साधलं गावातल्याच स्वयंसेवकांमुळे. १९७०नंतर सरकार आणि रेड क्रिसेंटने (तिथली रेड क्रॉस) मिळून ही फळी उभी केली. इशारा वाढेल तसे एक, दोन, तीन झेंडे चढवायचे, हाताने फिरवायचा भोंगा वाजवायचा आणि दारोदार जायचं. रेडिओचं न ऐकणारा माणूस ओळखीच्या पोराचं ऐकतो. आता त्यांत निम्म्या बायका आहेत, त्यामुळे घरातल्या बायकाही निघतात. तुमच्या ‘निसर्ग’च्या दोनच आठवडे आधी आलेल्या ‘अम्फान’मध्ये, भर करोनात, त्यांनी २० लाखांहून जास्त माणसं हलवली. याउलट २००८मध्ये म्यानमारच्या इरावती खोऱ्यात ‘नर्गिस’ आलं, तेव्हा निवारे जवळपास नव्हतेच, आणि लष्करी सरकारने परदेशी मदत कितीतरी दिवस दाराबाहेर ताटकळत ठेवली. मृत आणि बेपत्ता मिळून सुमारे १ लाख ३८ हजार. गरिबी दोन्हीकडे होती, हे ध्यानात घ्या.

जीव वाचल्यावरचं मात्र अजून कुणाला नीट जमलेलं नाही. बांगलादेशात २००९च्या ‘आयला’ वादळाने बांध फोडले. तुम्ही खारजमिनीशेजारचे, खांड गेली की काय होतं ते मी सांगायला नको. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा शेतात, गोड्या पाण्याची तळी खारट, आणि माणसं वर्ष वर्ष बांधावरच झोपड्या घालून.

खालांच्या प्रश्नाला उत्तर मिळायला बराच काळ लागला. अलीकडे बांधलेल्या काही निवारा केंद्रांना जिन्याबरोबर रुंद उतारही असतो, गुरं वर न्यायला. गाय जिना चढत नाही, हे नकाशा काढणाऱ्या कुणाला तरी शेवटी सुचलं.