मक्याच्या मुरघासात (हवाबंद आंबवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्यात) एन्झाइम टाकावं का, खरंच फरक पडतो का?

थोडक्यात सांगायचं तर पडतो, पण बाटलीवर लिहिलेलं असतं तेवढा नाही. सेल्युलेज, झायलनेज असली एन्झाइम चाऱ्यातल्या तंतूंची थोडी साखर करतात आणि ती साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात, मग पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) पटकन ४ च्या आसपास येतो. आता गंमत अशी की मक्यात मुळातच साखर भरपूर असते, त्यामुळे त्याला ही मदत फारशी लागतच नाही, लसूणघास किंवा गवताचा मुरघास असेल तर जास्त उपयोग. मका फार ओला कापला आणि वर एन्झाइम मारलं तर उलट खालून तपकिरी पाणी गळायला लागतं, म्हणजे पोषणच वाहून गेलं की.

मी म्हणेन आधी कापणी सांभाळा, दाण्यावरची दुधाची रेघ (घट्ट झालेला भाग आणि दुधाळ भाग यांच्यामधली) अर्ध्यावर आली की कापा, तेव्हा कोरडा भाग (पाणी सोडून उरतो तो) साधारण ३० ते ३५ टक्के असतो, कुट्टी १-२ सेंटिमीटर, आणि दाबताना हवा अजिबात राहू देऊ नका. उघडल्यावर मुरघास गरम होत असेल तर एन्झाइमपेक्षा बुकनेरी जिवाणूंचं (उघडल्यावर मुरघास टिकवणाऱ्या लॅक्टिक जिवाणूंचं) कल्चर घ्या. एन्झाइम टाकायचंच असेल तर कुट्टी होतानाच सगळीकडे सारखं फवारा, वरून ओतलं तर पैसे वाया.